दुकानदाराच्या अंदाजावर किती दिवस?

लेखाचा विषय कळल्यावर काही भगिनी पान उलटतील. काहीजणी मासिक उशीखाली सरकवतील आणि रात्री सगळे झोपल्यावर वाचतील. मला दोन्हींचा राग नाही, कारण हे लिहायला बसले तेव्हा मीही आधी खोलीचे दार लावून घेतले. वय चाळिशीपुढचे, वीस वर्षे वर्गात उभे राहून बोलण्याची सवय, आणि ब्राबद्दल चार ओळी लिहायच्या तर दार लावावे लागते! म्हणूनच लिहायचे ठरवले.

निमित्त झाले आमच्या शाळेतल्या एका मुलीचे. तिचे नाव सांगत नाही. आठवीत आहे, पळण्यात पटाईत. सहावी-सातवीत दोनशे मीटरमध्ये तालुक्यापर्यंत गेलेली. यंदा क्रीडास्पर्धेच्या यादीत तिचे नावच नव्हते. विचारले तर म्हणाली, "टीचर, पोटात दुखतंय." पुढच्या आठवड्यात पायात गोळे आले होते. तिसऱ्या वेळी मी तिला प्रयोगशाळेत एकटीला बसवून विचारले, तेव्हा रडू लागली. "टीचर, पळताना सगळं हलतं. दुखतं. मुलं बघतात." गणवेशाखाली तिने आईची जुनी ब्रा घातली होती. पट्टे खांद्यावरून ओघळत होते म्हणून दोन्हीकडे सेफ्टी पिना लावल्या होत्या. त्यावरून ओढणी घट्ट बांधून ती पीटीच्या तासाला उभी राहायची.

मी आईला बोलावले. ती खाली मान घालून बसली. "आता मोठी झाली ती, टीचर. पळून काय करायचंय?" थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "आन् मला तरी कुठं कळतंय, तिला कुठला नंबर लागतो. माझेपण तिचे अब्बाच आणतात. मी कागदावर नंबर लिहून देते."

मी तिला काय सांगणार होते? नंबर कसा ठरतो हे तोपर्यंत मलाही माहीत नव्हते. बी.एड.ला बालमानसशास्त्र शिकले, वाढत्या वयाच्या समस्यांवर निबंध लिहिले, पण हे कोणत्याच पेपरात आले नाही.

माझा चाळीस नंबर

मी नववीत असताना अम्मीने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी माझ्या पेटीत ठेवली आणि "आतापासून हे घालत जा" एवढेच म्हणाली. आमचे या विषयावरचे पहिले आणि शेवटचे बोलणे ते. पुढे लग्न झाले, मुले झाली, अंग भरले. ड्रेस शिवणाऱ्या बाईने छातीचे माप चाळीस लिहिले होते, म्हणून मी ब्राही चाळीसची घेऊ लागले. बऱ्याच बायका असेच करतात, आणि चूक इथूनच सुरू होते.

आमच्या गावातली खरेदी कशी होते ते तुम्हांला सांगायला नको. काउंटरवर पुरुष, आजूबाजूला कामाची पोरे. गर्दी कमी होईपर्यंत आपण रुमाल बघत उभ्या राहतो. मग खालच्या आवाजात नंबर सांगायचा, आणि दुकानदाराने माळ्यावरच्या पोराला ओरडून सांगायचे, "चाळीसचा डबा टाक रे!" तो कधी आपल्याकडे एक नजर टाकून स्वतःच म्हणतो, "तुम्हांला अडतीस बसेल, इलास्टिक ताणतं." आपण वाद घालत नाही. काळ्या पिशवीतली वस्तू पर्समध्ये कोंबतो आणि बाहेर पडतो. घालून बघायची सोय नसते. भिंतीवर पाटी असते, आतल्या कपड्यांचा माल परत घेतला जाणार नाही.

परिणाम असा की माझ्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ पडले. पाठीमागची पट्टी चढत चढत मानेकडे जायची. फळ्याकडे तोंड केले की आधी मागचा कपडा खाली ओढायचा आणि मग खडू हातात घ्यायचा, ही सवयच लागली. संध्याकाळी मान भरून यायची. मलमाच्या किती ट्यूब संपल्या याचा हिशेब नाही.

मी उर्दू शिकवते. जुन्या उर्दूत अंगियाला आणखी एक शब्द होता, महरम. ज्याच्यापासून पडदा नाही, जो अगदी जवळचा, तो महरम. स्त्रीच्या छातीला बिलगून असणाऱ्या कपड्यालाही तेच नाव मिळाले. एवढे जवळचे नाव असलेला कपडा आज आपण कोणाच्या हाती सोपवला आहे? काउंटरपलीकडच्या परक्या माणसाच्या नजरेच्या अंदाजावर! मापाबद्दल बाईने बाईला विचारले तर ती बेशरमी वाटते, आणि परक्या पुरुषाने बघून नंबर ठरवला तर त्याला आपण हया म्हणतो. अन्सारच्या स्त्रियांचे हजरत आयशा (रजि.) यांनी कौतुक केले, ते हयेने त्यांना दीन समजून घेण्यापासून अडवले नाही म्हणून. त्यांनी शरीराचे नाजूक प्रश्नही विचारले. मग हे तर साधे कपड्याचे माप.

माप घेणारी बाई

माझी भाची पुण्यात शिकते. गेल्या वर्षी घरातल्या लग्नाच्या खरेदीसाठी गेलो असताना ती मला ओढतच एका दुकानात घेऊन गेली. वरच्या मजल्यावर फक्त बायका होत्या, विकणाऱ्याही आणि घेणाऱ्याही. पन्नाशीच्या एका बाईंनी मला पडद्याआड नेले. मला वाटले आता कपडे उतरवायला सांगणार. त्या म्हणाल्या, "बुरखा आणि ओढणी काढा, कमीज राहू द्या. पातळ कपड्यावरून माप नीट येतं." त्यांनी दोनदा टेप लावला, एकदा छातीच्या खाली बरगड्यांवरून आणि एकदा छातीच्या उंच भागावरून. पहिले माप एकतीस इंच आले, दुसरे चाळीस.

"कुठला नंबर घालता?"

"चाळीस."

त्या हसल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "चाळीस हे तुमच्या ड्रेसचं माप. ब्राचं छत्तीस डी."

डी ऐकून मला कानकोंडे झाले. डी म्हणजे फार मोठे, असे मनात कुठेतरी बसले होते. त्यांनी तीन ब्रा आत दिल्या, कशा घालायच्या ते सांगितले आणि बाहेर थांबल्या. दुसरी घातली आणि आरशात पाहिले. पाठ सरळ झाली होती. खांद्यावर ओझे नव्हते. वीस वर्षे फुकट मलम चोळले, असे वाटले.

घरी माप कसे घ्यावे

प्रत्येकीला पुणे-मुंबई जमणार नाही. शिवणकामाचा टेप मात्र घरोघरी असतो. सोबत बहीण, मुलगी, जाऊ कोणीही एक बाई असली की पुरे. एकटीनेही आरशासमोर जमते. अंगात पातळ कुर्ता किंवा जाड कप नसलेली ब्रा असू द्यावी.

पहिले माप घेराचे. छाती जिथे संपते, त्याच्या लगेच खाली बरगड्यांवरून टेप फिरवा. टेप पाठीवरही सरळ आडवा हवा. श्वास सोडून, टेप अंगाला नीट टेकवून आकडा बघा.

दुसरे माप छातीचे. सर्वांत उंच भागावरून टेप फिरवा. इथे आवळू नका, नुसता टेकू द्या.

आता हिशेब. आपल्याकडे रुळलेली पद्धत अशी आहे: घेराचा आकडा सम असेल तर त्यात चार मिळवा, विषम असेल तर पाच. हा झाला ब्राचा नंबर. छातीच्या मापातून हा नंबर वजा करा. एक इंच उरला तर कप ए, दोन उरले तर बी, तीनला सी, चारला डी. माझा घेर एकतीस, म्हणून अधिक पाच, छत्तीस. छाती चाळीस. चाळीस वजा छत्तीस, उरले चार. म्हणून छत्तीस डी.

एक सावधगिरी हवी. सगळ्या कंपन्या चार-पाच मिळवत नाहीत. काही घेराचाच आकडा धरतात आणि मग कपाचे अक्षर पुढे जाते. म्हणून आपली दोन्ही मापे इंचात आणि सेंटिमीटरमध्ये कागदावर लिहून ठेवा आणि डब्यावर छापलेल्या तक्त्याशी जुळवा. दुकानात नंबर सांगण्यापेक्षा ही दोन मापे सांगणे चांगले. हिशेबाने सुरुवातीचा नंबर मिळतो, खरा निर्णय मात्र घालून बघितल्यावरच होतो.

अक्षरांची भीती नको. छातीच्या आकाराला ए ते डी ही अक्षरे १९३२ साली अमेरिकेतील कॅम्प या कंपनीने लावली. अक्षर एकटे काही सांगत नाही, ते नंबराशी जोडून वाचायचे असते. बत्तीस डीचा कप अडतीस डीच्या कपापेक्षा बराच लहान असतो. चौतीस सी, छत्तीस बी आणि अडतीस ए यांचे कप जवळजवळ सारखेच असतात, फरक घेराचा. म्हणून पट्टी आवळत असेल पण कप बरोबर असेल, तर नंबर एक पायरी वर आणि अक्षर एक पायरी खाली घ्या. पट्टी ढिली असेल तर उलट करा.

नीट बसली हे कसे ओळखावे

छातीत स्नायू नसतो. ती त्वचेच्या आणि आतल्या नाजूक तंतूंच्या आधाराने असते. ब्राचा खरा आधार खांद्याच्या पट्ट्यांत नसून खालच्या पट्टीत असतो. पट्टी ढिली असली की सगळे वजन खांद्यांवर येते आणि वळ पडतात. आपण मात्र पट्टे आणखी आवळतो, दुखणे आणखी वाढते.

नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसायला हवी. पुढे इलास्टिक ढिले झाले की आतले हुक कामी येतात. घालताना थोडे पुढे वाकावे आणि काखेकडचा भाग हाताने कपात घ्यावा. मग आरशात पाच गोष्टी बघा.

१. पाठीमागची पट्टी पुढच्याइतकीच खाली, सरळ आडवी आहे का? वर चढत असेल तर घेर मोठा झाला.

२. पट्टीखाली दोन बोटे जेमतेम जातात का? मूठ जात असेल तर ढिली, बोटच जात नसेल तर घट्ट.

३. कपाच्या वरून किंवा काखेतून छाती बाहेर येते का? येत असेल तर कप लहान. कापडाला चुण्या पडत असतील तर मोठा.

४. तार असलेली ब्रा असेल तर मधला भाग छातीच्या हाडाला टेकतो का? तार छातीवर चढते का? चढत असेल तर कप लहान.

५. हात वर करून बघा, वाकून बघा, रुकू-सजद्याची हालचाल करून बघा. ब्रा जागेवरून हलत असेल तर ती तुमची नाही.

एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी असणे अगदी नेहमीचे आहे. मोठ्या बाजूच्या मापाने घ्यावी आणि दुसरीकडचा पट्टा जरा आवळावा. शिवाय मापही आयुष्यभर तेच राहत नाही. पाळीच्या आधी, गरोदरपणात, बाळाला पाजताना, वजन कमी-जास्त झाल्यावर, पाळी जाताना ते बदलते. वर्षातून एकदा टेप लावावा.

अंगावर पाजणाऱ्या मातांनी विशेष काळजी घ्यावी. घट्ट ब्रा किंवा रुतणारी तार यांमुळे दूध साचून गाठ होऊ शकते, आणि त्यातून सूज व तापही येऊ शकतो. या काळात मऊ, बिनतारेची, पुढून उघडणारी ब्रा बरी.

मुलींसाठी

आठव्या ते तेराव्या वर्षांदरम्यान केव्हातरी मुलींची छाती वाढू लागते. कोणाची लवकर, कोणाची उशिरा. पहिली ब्रा कधी घ्यायची याला ठरावीक वय नाही. पळताना, उड्या मारताना तिला दुखते किंवा अवघडते, तेव्हा घ्यावी. सुरुवातीला सुती, मऊ, बिनतारेची पुरते. खेळणाऱ्या मुलीला खेळाची ब्रा वेगळी हवी, ती छाती दाबून स्थिर धरते. आईची जुनी देऊ नये. आईचा घेर वेगळा, आणि इलास्टिकही आधीच गेलेले.

माझ्या विद्यार्थिनीची अडचण एकटीची नाही. ब्रिटनमध्ये ११ ते १८ वर्षांच्या दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलींना विचारून केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. छातीमुळे खेळावर काहीतरी परिणाम होतो, असे ४६ टक्के मुलींनी सांगितले. आणि ८७ टक्के मुलींना या विषयाची आणखी माहिती हवी होती. तिकडच्या मुलींची ही स्थिती, तर आपल्याकडच्या मुली कोणाला विचारणार? उत्तर आईने द्यायचे. आईला ठाऊक नसेल तर आईने आधी शिकायचे.

काळजी आणि गैरसमज

आपल्याकडे ब्रा उन्हात वाळत नाही. टॉवेलखाली, सलवारीखाली लपून वाळते, म्हणजे खरे तर वाळतच नाही. पावसाळ्यात तशीच दमट अंगावर चढवली की छातीखाली खाज, घामोळे, बुरशीची लागण होते. गच्चीवर नको असेल तर खोलीत पंख्याखाली वाळवा, पण पूर्ण वाळवा. हाताने धुवा, पिळू नका, हुक लावून टाका. एकच ब्रा रोज वापरू नका, दोन-तीन आलटून पालटून वापरा. शेवटच्या हुकावरही पट्टी वर चढू लागली की तिचे दिवस संपले.

ब्रा घातल्याने कर्करोग होतो, अशी भीती बायकांमध्ये फिरत असते. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात पाळी गेलेल्या सुमारे दीड हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २०१४ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षात ब्रा आणि स्तनांचा कर्करोग यांचा काही संबंध आढळला नाही, मग तार असो वा नसो, दिवसाचे तास कितीही असोत. घरात, झोपताना ब्रा घालावी की नाही, हा ज्याच्या-त्याच्या सोयीचा प्रश्न आहे. पण माप घेताना, आंघोळ करताना आपल्या शरीराची ओळख ठेवावी. गाठ लागली, त्वचा आत ओढल्यासारखी झाली, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी आले, तर शरमेने महिने घालवू नयेत, डॉक्टरांकडे जावे.

टेप बाहेर निघाला

पुण्याहून आल्यावर मी आणि आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी मिळून माता-पालकांची एक सभा घेतली. पत्रिकेत विषय लिहिला, 'किशोरवयीन मुलींचे आरोग्य'. शिपायाला चहा द्यायला सांगून बाहेर पाठवले आणि दार लावले. मी टेप काढला. कुठे लावायचा ते स्वतःच्या कमिजीवरून दाखवले. पहिली दहा मिनिटे कोणी मान वर केली नाही. मग एक आजी मागून म्हणाली, "आमच्या वेळेला बॉडी म्हणायचे, आन् शिवून घालायचे. दुकानदाराला काय विचारायचं कामच नव्हतं." सगळ्या हसल्या आणि प्रश्न सुरू झाले.

त्या मुलीचे माप अठ्ठावीस आणि चौतीस आले, म्हणजे बत्तीस बी. अंगावर आईची छत्तीस होती. तिच्यासाठी दोन साध्या आणि एक खेळाची ब्रा आणली. यंदाच्या स्पर्धा होऊन गेल्या होत्या, पण पीटीच्या तासाला ती आता ओढणी बांधत नाही.

आम्ही चौघी-पाचजणी बाजारातल्या दुकानदाराकडेही गेलो. भांडायला नाही, विनंती करायला. "भाईसाहेब, बायकांचा माल बायकांनी विकला तर तुमचाच धंदा वाढेल." त्यांनी तेव्हा नुसती मान हलवली. दोन महिन्यांनी त्यांची सून शुक्रवारी दुपारी काउंटरवर बसू लागली. मापाचा टेप आम्ही तिला दिला. तुमच्या गावातही विचारून बघा.

आणि ती आई? सभा संपून सगळ्या गेल्या तरी ती दाराशी घुटमळत होती. मी टेप गुंडाळत होते. जवळ येऊन म्हणाली, "टीचर, माझंपण घ्या की. यांना कागदावर काय लिहून देऊ, ते तरी कळंल." मग जरा थांबली. "नाहीतर राहू दे. शुक्रवारी मीच जाते."